पशुधन उत्सर्जन संशोधन आणि मराठवाडा

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पचनक्रियेतून बाहेर पडणारा मिथेन वायू मोजणे, त्याची कारणे समजून घेणे आणि जनावरांच्या उत्पादकतेस धक्का न लावता तो कमी करण्याचे उपाय शोधणे या अभ्यासक्षेत्रास पशुधन उत्सर्जन संशोधन असे म्हणतात. पशुवैद्यक, पशुआहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी आणि हवामानशास्त्र या शाखा त्यात एकत्र येतात. 2009 नंतर या संशोधनाला संघटित आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. त्याचा खर्च कोण करतो आणि त्याचे नेतृत्व कोणत्या देशांतील तज्ज्ञांकडे असते, यावर कोणत्या जनावरांचा अभ्यास आधी होतो हे बरेचसे ठरते.

महाराष्ट्रातील नांदेड व लातूर हे जिल्हे अनुक्रमे लाल कंधारी व देवणी या गोवंशांचे मूळ प्रदेश आहेत. कोरडवाहू शेती, कडब्यावर पोसलेली जनावरे आणि औताचे बैल ही येथील परिस्थिती पाश्चात्त्य दुग्धशाळांहून इतकी वेगळी आहे की, तेथे निघालेले आकडे आणि तेथे सिद्ध झालेले उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कोटीपोटातील प्रक्रिया

गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या पहिल्या कप्प्यास कोटीपोट म्हणतात. माणसाला न पचणारा गवत-कडब्यातील तंतुमय भाग कोटीपोटातील असंख्य सूक्ष्मजीव आंबवून फोडतात आणि त्यातून जनावरास ऊर्जा देणारी आम्ले तयार होतात. या आंबण्यात हायड्रोजनही निर्माण होतो. तो साचून राहिला तर आंबण्याची क्रियाच मंदावेल. आर्किया गटातील काही सूक्ष्मजीव हा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून त्याचा मिथेन करतात. म्हणजे मिथेन हा जनावराचा दोष नसून, वाळलेल्या धाटाचे दुधात व श्रमात रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेची ती वाफ बाहेर टाकण्याची वाट आहे.

हा वायू जनावराच्या मागील बाजूने बाहेर पडतो असा समज सर्वत्र आढळतो व त्यावर विनोदही होतात. प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून अधिक मिथेन तोंडावाटे, ढेकरांतून व श्वासातून बाहेर पडतो. चाऱ्यातील एकूण ऊर्जेपैकी साधारण 2 ते 12 टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. त्यामुळे हवामानाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी पशुपालकाच्या दृष्टीनेही हा तोटाच असतो.

मिथेन वातावरणात सुमारे 12 वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट, तर वीस वर्षांच्या हिशेबात 80 पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आयुष्य थोडे आणि परिणाम तीव्र, या त्याच्या गुणधर्मामुळे मिथेन कमी केल्याचे फळ तुलनेने लवकर दिसते. म्हणूनच गेल्या दोन दशकांत जगाचे लक्ष गुरांच्या गोठ्याकडे वळले.

शेणापासूनही मिथेन निघतो, परंतु भारतीय पद्धतीत त्याचे प्रमाण कमी आहे. पाण्यात साठवलेल्या शेणाच्या टाक्यांतून, म्हणजे हवा न लागता कुजणाऱ्या शेणातून, मिथेन अधिक निघतो. उकिरड्यावर वाळणाऱ्या किंवा गोवऱ्या थापलेल्या शेणातून तो फारसा निघत नाही.

नांदेड व लातूरचे पशुधन

लाल कंधारी हा गोवंश नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा, मुखेड या परिसरातील आहे. गडद लाल रंग, मध्यम बांधा, काटकपणा आणि उन्हात ओढकामाची क्षमता ही त्याची लक्षणे होत. कंधारच्या सोमदेवराय राजाने या वंशाची जोपासना केली, अशी परंपरागत समजूत आहे. एका वेतातील दूध सरासरी सहाशे किलोच्या आसपास असते. हा वंश दुधापेक्षा बैलांसाठी राखला गेला, हे या आकड्यावरूनच लक्षात यावे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार व पशुप्रदर्शन हे या वंशाच्या उत्तम जनावरांचे परंपरागत स्थान होय.

देवणी हा लातूर जिल्ह्यातील देवणी तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा वंश. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून तो घडला असे मानतात. वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा असे त्याचे रंगावरून तीन प्रकार पडतात. वानेऱ्याचे अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या, बाळंक्या जवळपास पूर्ण पांढरा व खालच्या भागावर काळे ठिपके असलेला, तर शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असतात. देवणी दूध व ओढकाम या दोन्हींसाठी उपयुक्त असून एका वेतात सरासरी साडेआठशे किलोच्या आसपास दूध देते. कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातही हा वंश आढळतो. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळी येथील बैलबाजार दोन्ही राज्यांत परिचित आहे. याशिवाय मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी या मान्यताप्राप्त जातीही या भागात आहेत.

2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात 19.35 कोटी गायवर्गीय जनावरे, 10.99 कोटी म्हशी, 14.89 कोटी शेळ्या आणि 7.43 कोटी मेंढ्या होत्या. महाराष्ट्रातील गायवर्गीय जनावरांची संख्या सुमारे 1.4 कोटी भरली. 2012 च्या गणनेत ती दीड कोटीच्या पुढे होती. ट्रॅक्टरचा प्रसार, घटलेली जमीनधारणा आणि वैरणीची टंचाई ही या घटीची कारणे सांगितली जातात. 2015 मध्ये राज्यात बैल व वळूंसह सर्व गोवंशाच्या हत्येवर बंदी आली. त्यानंतर काम व दूध थांबलेल्या जनावरांना सांभाळण्याचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. उत्सर्जनाच्या हिशेबात भाकड गाय आणि थकलेला बैल यांचा मिथेन मोजला जातो, पण त्यांच्या नावापुढे मांडायला उत्पादन नसते.

चारा आणि दुष्काळ

चारा जितका तंतुमय व निकस, तितका त्यातून प्रत्येक किलो दुधामागे अधिक मिथेन निघतो. या दृष्टीने मराठवाड्यातील पीकबदल महत्त्वाचा आहे. पूर्वी खरीप व रब्बी ज्वारीचा कडबा ही येथील जनावरांची मुख्य वैरण होती. मालदांडीसारख्या किंवा परभणी मोतीसारख्या वाणांची निवड करताना शेतकरी दाण्याबरोबर कडब्याचाही विचार करतो तो याच कारणाने. गेल्या तीन दशकांत लातूर व नांदेडमध्ये खरिपाची मोठी जमीन सोयाबीनखाली गेली. सोयाबीनचे दाणे बाजारात जातात आणि गव्हाणीत येते ते भुसकट. कडब्याच्या तुलनेत जनावरे ते नाखुशीने खातात. त्याच सोयाबीनची प्रथिनयुक्त पेंड लातूरच्या तेलगिरण्यांतून बाहेर पडते, मात्र तिचा दर लहान पशुपालकाला परवडतोच असे नाही. ऊसपट्ट्यात वाढे, इतरत्र तूर व हरभऱ्याचे भुसकट आणि कापूसपट्ट्यात सरकी पेंड अशी उरलेली तजवीज असते.

2013, 2015-16 आणि 2018-19 या दुष्काळांत मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना देशभर गाजली. अशा काळात जनावर जगते, पण दूध आटते, माजावर येणे लांबते, दोन वेतांतील अंतर वाढते. जिवंत राहण्यापुरते खाणारे जनावरही मिथेन सोडतेच. त्यामुळे दुष्काळी वर्षात लिटरमागचे उत्सर्जन वाढते. दुष्काळात वैरण पोहोचवणे हा मदतकार्याचा भाग समजला जातो. उत्सर्जनाच्या अंगानेही तो तितकाच मोलाचा ठरतो.

मोजमाप आणि त्यातील मतभेद

जनावराचा मिथेन मोजण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत जनावरास बंद कक्षात ठेवून आत जाणारी व बाहेर येणारी हवा तपासतात. ही पद्धत सर्वांत अचूक असली तरी खर्चिक आहे, आणि कक्षातले जनावर गोठ्यातल्याप्रमाणे खात-पीत नाही. दुसऱ्या पद्धतीत सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू ठरावीक वेगाने सोडणारी लहान नळी कोटीपोटात ठेवतात आणि मानेला बांधलेल्या निर्वात डब्यात नाकपुडीजवळची हवा गोळा करतात. दोन वायूंच्या प्रमाणावरून मिथेन काढता येतो. चरायला जाणाऱ्या जनावरांसाठी ही पद्धत सोयीची आहे. (हा सल्फरयुक्त वायू स्वतःच अतितीव्र हरितगृह वायू आहे, पण नळीतील त्याचे प्रमाण अत्यल्प असते.) तिसऱ्या पद्धतीत खुराक देणारे यंत्र जनावर खात असताना त्याचा श्वास मोजते.

प्रत्येक गोठ्यात असे मोजमाप अशक्य असल्याने देशांना सरासरी गुणकांवर अवलंबून राहावे लागते. हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीने (आयपीसीसी) 2006 च्या मार्गदर्शिकेत प्रदेशवार गुणक दिले. त्यानुसार उत्तर अमेरिकेतील दुधाळ गाय वर्षाला 128 किलो मिथेन सोडते व 8,400 किलो दूध देते. भारतीय उपखंडातील दुधाळ गाय 58 किलो मिथेन सोडते व 900 किलो दूध देते. या दोन ओळींतून परस्परविरोधी निष्कर्ष निघतात. जनावरामागे पाहिले तर अमेरिकी गायीचे उत्सर्जन दुपटीहून अधिक आहे. किलोभर दुधामागे पाहिले तर अमेरिकी गायीचे सुमारे 15 ग्रॅम, आणि उपखंडातील गायीचे सुमारे 64 ग्रॅम. कोणता भाजक घ्यायचा, यावर दोषी कोण हे ठरते.

हा 58 किलोचा आकडा मुळातच भारतीय गायीला मोठा होतो, असे भारतीय शास्त्रज्ञांचे मोजमाप सांगते. 2007 सालच्या उत्सर्जनाची जी राष्ट्रीय सूची 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत देशी दुधाळ गायीसाठी वर्षाला 28 किलो, संकरित दुधाळ गायीसाठी 43 किलो आणि दुधाळ म्हशीसाठी 50 किलो असे देशांतर्गत गुणक वापरले आहेत. लहान चणीचे जनावर कमी खाते आणि कमी मिथेन सोडते, हे त्याचे साधे कारण. दूध तेवढेच धरले, तर किलोमागचे 64 ग्रॅम 31 ग्रॅमवर येतात. गाय तीच, गोठा तोच. निम्म्याहून अधिक घट केवळ मोजणाऱ्याच्या बदलाने झाली.

देशी मोजमाप नेहमी आपल्या बाजूनेच झुकते असे मात्र नाही. बिगरदुधाळ गायवर्गासाठी आयपीसीसीचा सरसकट गुणक 27 किलो होता, तर भारतीय सूचीत प्रौढ देशी जनावरासाठी 32 किलो धरले आहेत. म्हणजे बैलजोडी वर्षाला 64 किलो मिथेन सोडते, आणि 28 पटींच्या हिशेबाने ते सुमारे 1.8 टन कार्बन डायऑक्साइडइतके भरते. लिटरभर डिझेल जळाल्यावर सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यामुळे ही जोडी साडेसहाशे लिटरांहून अधिक डिझेलच्या तोडीची ठरते. ही तुलना अपुरी आहे, कारण बैलांच्या मिथेनमधील कार्बन चाऱ्यावाटे नुकताच हवेतून आलेला असतो व डिझेलचा भूगर्भातून. शिवाय बैल शेणखतही देतात. तथापि नांगरणी-कोळपणीचे काम, खत आणि दूध यांत एका जनावराचे उत्सर्जन कसे वाटून घ्यावे, हा प्रश्न केवळ दूध व मांस मोजणाऱ्या पाश्चात्त्य पद्धतीत जवळजवळ उद्भवतच नाही. मराठवाड्यात तो मूळ प्रश्न आहे.

भातशेतीचा पूर्वानुभव

मोजणाऱ्यांचे नेतृत्व कोठे असावे याचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण पशुधनाचे नसून भाताचे आहे. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतीय भातशेतीचे मिथेन उत्सर्जन वर्षाला 3 कोटी 78 लाख टन मानले गेले होते. युरोप-अमेरिकेतील, सतत पाणी साचलेल्या शेतांवरील मोजमाप भारताला लावून हा आकडा आला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रत्यक्ष मोजमापाची मोहीम झाली. तीतून उत्सर्जन सुमारे 40 लाख टन असल्याचे दिसले, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या साधारण एक-नवमांश. हवामान कराराच्या वाटाघाटी तेव्हा नुकत्याच सुरू होत होत्या. हा आकडा वेळेवर हाती आला नसता, तर भारतीय शेतकऱ्यावर किती भार टाकला गेला असता याची कल्पना करता येते.

त्याच वर्षी विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी असमान जगातील तापमानवाढीवर लिहिलेल्या पुस्तिकेत जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद मांडला. लहान शेतकऱ्याची म्हैस आणि श्रीमंत देशांतील मोटारी यांना एकाच तागडीत तोलू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारत सरकारच्या पुढील भूमिकांवर या विचाराची छाया स्पष्ट दिसते.

आंतरराष्ट्रीय नेतृत्व आणि निधी

न्यूझीलंड या देशाच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनातील सुमारे निम्मा वाटा शेती व पशुपालनाचा आहे. 2003 मध्ये तेथील सरकारने संशोधनाचा खर्च भागवण्यासाठी पशुपालकांवर उपकर सुचवला. शेतकऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर उद्योग आणि सरकार यांनी मिळून संशोधनास पैसा पुरवण्याची पद्धत रूढ झाली. डिसेंबर 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत न्यूझीलंडच्या पुढाकाराने कृषी हरितगृह वायूंवरील जागतिक संशोधन आघाडी, अर्थात ग्लोबल रिसर्च अलायन्स, जाहीर झाली. त्या वेळच्या संयुक्त निवेदनात सहभागी झालेल्या एकवीस देशांत भारताचे नाव होते. आघाडीची सनद जून 2011 मध्ये रोम येथे स्वीकारण्यात आली. पुढे सदस्यसंख्या साठांवर गेली.

या आघाडीची रचना समजून घेण्याजोगी आहे. तिच्याकडे सर्व सदस्यांत वाटायचा सामाईक निधी नाही. प्रत्येक देश आपापल्या संशोधनाचा खर्च स्वतः करतो. मात्र समन्वयासाठी तज्ज्ञ लागतात. संशोधनाचे अग्रक्रम ठरवणे, देशोदेशींच्या प्रयोगशाळांना एकच मोजपद्धती शिकवणे, कार्यशाळा भरवणे, तरुण संशोधकांना मार्गदर्शन करणे या कामांना वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळाचे वेतन कोणाला तरी द्यावे लागते. पशुधन गटाचे सह-अध्यक्षपद न्यूझीलंड व नेदरलँड्स यांनी, पीकशेती गटाचे नेतृत्व अमेरिकेने आणि भातशेती गटाचे जपानने उचलले. न्यूझीलंडने सुरुवातीच्या वर्षांसाठी 4.5 कोटी न्यूझीलंड डॉलरची तरतूद केली. उपकरणे किंवा औषधे यांच्या मानाने तज्ज्ञांच्या वेळावरील खर्च किरकोळ असतो, पण विषयाची दिशा त्यानेच ठरते. कुरणावर चरणाऱ्या मेंढ्या व गायी हा न्यूझीलंडचा प्रश्न असल्याने कमी मिथेन सोडणाऱ्या मेंढ्यांची पैदास, कुरणांतील गवतांचे प्रकार आणि लस हे विषय आघाडीवर आले. यात कोणाचा डाव शोधण्याचे कारण नाही. जो खर्च करतो तो आपल्या अंगणातील प्रश्न आधी घेतो.

आफ्रिकेत ही उणीव नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या 'माझिंगिरा' पर्यावरण केंद्राने काही अंशी भरून काढली. तेथे स्थानिक जनावरांसाठी श्वसनकक्ष उभारून लहान शेतकऱ्यांच्या गुरांचे मोजमाप झाले.

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगो परिषदेत जागतिक मिथेन प्रतिज्ञा मांडली गेली. 2020 च्या तुलनेत 2030 पर्यंत मिथेन 30 टक्क्यांनी घटवण्याचे सामूहिक उद्दिष्ट तीत आहे. भारताने तीवर स्वाक्षरी केली नाही. देशातील मिथेनचे मुख्य स्रोत जनावरांची पचनक्रिया व भातशेती हे असून ते लहान व सीमांत शेतकऱ्यांच्या उपजीविकेशी जोडलेले आहेत, अशी सरकारची भूमिका राहिली. 2020 च्या उत्सर्जनावरील राष्ट्रीय अहवालानुसार कृषीक्षेत्राचा एकूण उत्सर्जनातील वाटा 13.72 टक्के आहे, तर ऊर्जाक्षेत्राचा 75.66 टक्के. डिसेंबर 2023 मध्ये दुबईच्या परिषदेवेळी, पचनक्रियेतील मिथेनवरील संशोधनास गती देण्यासाठी 20 कोटी डॉलरचा उपक्रम काही परोपकारी संस्था व सरकारांनी मिळून जाहीर केला. प्रतिज्ञेवर सही न करणे आणि संशोधनात भाग घेणे या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. पहिल्याचा संबंध बंधनाशी आहे, दुसऱ्याचा ज्ञानाशी.

उपाय

जगभर सर्वाधिक चर्चा दोन पदार्थांची होते. थ्री-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल (व्यापारी नाव बोव्हेअर) या संयुगाने दुधाळ गायींतील मिथेन सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास घटतो. युरोपीय संघाने 2022 मध्ये आणि अमेरिकेने 2024 मध्ये त्यास मान्यता दिली. ॲस्पॅरागॉप्सिस या लाल समुद्रशैवालाने काही प्रयोगांत 80 टक्क्यांहून अधिक घट दाखवली. दोन्ही पदार्थ प्रत्येक घासाबरोबर पोटात जावेत अशी अपेक्षा असते. गोठ्यात मिश्र खुराक देणाऱ्या दुग्धशाळेत हे जमते. सकाळी गुराख्याबरोबर गायरानात जाऊन संध्याकाळी चार कडब्याच्या पेंड्या खाणाऱ्या गायीबाबत ते कठीण आहे.

बंगळुरू येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने स्वस्त वनस्पतिजन्य पर्यायांवर काम केले. राघवेंद्र भट्ट व सहकाऱ्यांनी टॅनिनयुक्त वनस्पतींवर दीर्घकाळ संशोधन केले असून त्यातून 'हरित धारा' हे खाद्यपूरक तयार झाले. त्याने मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी घटतो आणि किलोमागे सुमारे 6 रुपये खर्च येतो, असे 2021 मध्ये सांगण्यात आले. कोटीपोट पूर्ण कार्यरत झाल्यावर, म्हणजे तीन महिन्यांवरील जनावरांनाच ते द्यावयाचे असते. याच संस्थेने चिंचोक्याच्या टरफलांपासूनही असे पूरक तयार केले. चिंचेची झाडे व चिंचेचा व्यापार मराठवाड्याला नवे नाहीत, त्यामुळे कच्च्या मालासाठी दूर जाण्याचे कारण नाही. टॅनिनचे प्रमाण अधिक झाले तर मात्र प्रथिनांचे पचन बिघडते व जनावर खाणे कमी करते. मात्रा ठरवण्यासाठी स्थानिक चाऱ्यावरच चाचणी घ्यावी लागते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने (एनडीडीबी) जागतिक बँकेच्या साहाय्याने 2012 ते 2019 या काळात राबवलेल्या राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात संतुलित आहार कार्यक्रम होता. गावातील प्रशिक्षित व्यक्ती जनावराचे वजन, दूध आणि घरात उपलब्ध असलेली वैरण यांची नोंद घेऊन कोणता खुराक किती द्यावा हे सांगते. नवा पदार्थ काहीच नाही. आहे त्याचीच मांडणी नीट करायची आणि खनिज मिश्रण जोडायचे. मंडळाच्या मोजमापानुसार दुधामागील मिथेन यामुळे 12 ते 15 टक्क्यांनी घटला, आणि पशुपालकाचा खर्चही उतरला. प्रस्तुत विषयातील सर्व उपायांत मराठवाड्यासाठी हा सर्वांत व्यवहार्य म्हणावा लागेल. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प 2016 पासून या मंडळाच्या साहाय्याने सुरू झाला. 2024 मध्ये 19 जिल्ह्यांसाठीच्या दुसऱ्या टप्प्यास राज्य शासनाची मान्यता मिळाली. दूध संकलन, पशुखाद्य व चारा यांवर त्याचा भर आहे.

पारंपरिक वैरणीवरील प्रक्रिया हा दुसरा मार्ग. कडबाकुट्टीने वैरण बारीक केली की नासाडी घटते. शंभर किलो वाळलेल्या वैरणीवर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून ती तीन आठवडे हवाबंद ठेवली की तिची पचनीयता वाढते. युरियाची मात्रा चुकल्यास विषबाधा होऊ शकते, म्हणून पहिल्यांदा हे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावे. सरकीसारख्या तेलबियांतील स्निग्धांशानेही मिथेन कमी होतो. नांदेडच्या कापूसपट्ट्यात सरकी पेंड खाऊ घालण्याची जुनी रीत अजाणता याच दिशेने जाणारी होती.

स्थानिक संस्था आणि संशोधक

नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये उदगीर व परभणी येथे आहेत. परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. देवणीच्या मूळ प्रदेशापासून उदगीरचे महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे, ही या विषयाच्या दृष्टीने मोठी सोय होय. गावागावांतील दूध, वेत, वजन व वैरण यांची नोंद ठेवणारे विद्यार्थी येथेच घडतात, आणि अशा नोंदींशिवाय कोणताही गुणक तयार होत नाही.

विकसनशील देशांतील पीएचडी विद्यार्थ्यांना कृषी उत्सर्जनावरील संशोधनासाठी परदेशी प्रयोगशाळांत काही महिने पाठवणारी 'क्लिफ-ग्रॅड्स' ही शिष्यवृत्ती योजना आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि वर उल्लेखिलेली जागतिक आघाडी यांनी चालवली. अशा योजनांतून व्यक्ती तयार होतात. परंतु परत आल्यावर त्यांना उपकरण, मदतनीस आणि तीन-चार वर्षांचा निश्चित निधी मिळाला नाही, तर शिकलेली मोजपद्धती वहीतच राहते. राष्ट्रीय सूचीत सध्या 'देशी दुधाळ गाय' अशी एकच ओळ आहे. कंधारी, देवणी, गीर आणि साहिवाल तीत एकत्र येतात. सहाशे किलो दूध देणारी कंधारी आणि तिच्या कित्येक पट दूध देणारी साहिवाल यांची ओळ वेगळी व्हायची असेल, तर कंधार व मुखेडच्या गोठ्यांत ऋतूनिहाय मोजमाप करणारा गट हवा आणि त्याचे नेतृत्व तेथील वैरण ओळखणाऱ्या तज्ज्ञाकडे हवे.

आनुवंशिक निवडीच्या दृष्टीनेही हीच गरज आहे. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथील कार्यक्रमात देशी गायींसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' या जनुकीय चाचणी-संचांचे अनावरण झाले. रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून वासराची भावी क्षमता सांगता यावी, हा त्यांचा हेतू. मिथेन सोडण्याचे प्रमाण काही अंशी आनुवंशिक असते, हे न्यूझीलंडमधील मेंढ्यांवर सिद्ध झाले आहे. मात्र चिपचे भाकीत त्या त्या वंशाच्या हजारो जनावरांच्या प्रत्यक्ष नोंदींवर उभे राहते. देवणी व लाल कंधारीच्या दूध, वजन व दोन वेतांतील अंतर यांच्या नोंदी जेथे घेतल्या जातात, तेथेच मिथेनचा रकाना जोडणे हा त्यातील सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरतो.